घोड्याची चंदी : भिजवावी कशी, द्यावी किती



मार्गशीर्षात दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. पुढे नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार असतो, तिथेही घोडे येतात. या बाजारांतून फिरताना एक प्रश्न हमखास कानांवर पडतो. "घोडं अंग धरत नाही. चंदी कोणती घालावी?" अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. कोणीतरी सांगते की ओट भिजवून घाला, महिन्याभरात घोडा भरतो. मग घरी आल्यावर मंडळी विचारतात, "हे खरं आहे का हो?"

खरे आहे, पण अर्धे. आणि जनावराच्या बाबतीत अर्धी गोष्ट किती महाग पडते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून आधी ती हकिगत सांगतो, आणि मग उरलेली अर्धी गोष्ट.

साधारण १९९० च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा घाटमाथ्यावरच्या एका दवाखान्यात जनावरे तपासत असे. कोकणातून मेंढरे घेऊन परतणारे एक वयस्कर मेंढपाळ दारात आले. बरोबर तांबडी घोडी, तिच्या मागे दोन महिन्यांचे शिंगरू. धनगरांचा सगळा संसार या घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, घोंगड्या, पाल, कोंबड्या आणि कधी लहान मूलसुद्धा. घोडी चालली तर बिऱ्हाड चालले.

"सायेब, घोडी अंग धरीना बगा. हरबरा घालू का?"

मी घोडीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. दूध पाजून आणि चालून घोडी खंगली होती. बाहेर आणखी दहा माणसे थांबलेली. मी म्हटले, "घाला बाबा, पण कोरडा नको. रात्री भिजवून घाला." आणि पुढच्या जनावराकडे वळलो.

पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा पळत आला. जाऊन पाहतो तो घोडी पुढचे दोन्ही पाय लांब ताणून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभी. पाऊल उचलवत नव्हते. पुढच्या खुरांना हात लावला तर तापलेली. बाबांनी माझ्या शब्दाबरहुकूम हरभरा भिजवला होता, आणि बिचारीला लवकर बरे वाटावे म्हणून पाटीभर पुढे ठेवला होता. कसा द्यायचा ते मी सांगितले होते. किती द्यायचा ते सांगितलेच नव्हते.

घोडी जगली. पण तिच्या पाठीवर पुन्हा ओझे चढले नाही. बाबांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच मला आजवर बोचते. तेव्हापासून चंदीविषयी कोणी विचारले की मी घाईने उत्तर देत नाही. आजही देणार नाही.

आता हे असे का झाले, ते समजून घेऊ. गाईबैलाचे पोट आणि घोड्याचे पोट यांत मोठा फरक आहे. बैल आधी भराभर गिळतो आणि मग निवांत बसून रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही. त्याला जे चावायचे ते पहिल्याच घासाला चावले पाहिजे. त्याचे जठरही अंगाच्या मानाने लहान. मोठ्या घोड्याचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरचे. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेले ते पुढेच जाणार, मागे फिरणार नाही.

जठरातून अन्न लहान आतड्यात जाते. दाण्यातले पीठ, म्हणजे स्टार्च, पचायचे ते इथे. त्यापुढे मोठे आतडे, आणि त्याच्या सुरुवातीला मीटरभर लांबीची एक मोठी पिशवी. या भागात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. गवताचा चोथा कुजवून, आंबवून त्यातून घोड्याला शक्ती मिळवून देणे हे त्यांचे काम. जणू घोड्याच्या पोटातली आंबवणीची कोठीच. या कोठीत गवत गेले की सारे सुरळीत चालते. पण एकाच वेळी दाणा जास्त झाला, तर लहान आतड्याला तो सगळा पचवता येत नाही. न पचलेले पीठ या कोठीत उतरते. तिथे एकदम आंबट रस तयार होतो, चोथा पचवणारे जीव मरतात, आणि विषारी द्रव्ये रक्तात जातात. मग कधी पोटशूळ उठतो, घोडा लोळतो, घाम सुटतो. तर कधी खुरांच्या आत दाह होतो. बाबांच्या घोडीला झाला तो हा खूरदाह. पोटात झालेली चूक खुरांत दिसली.

म्हणून पहिले सूत्र ध्यानात ठेवा. घोड्याचे पोट गवतासाठी आहे. दाणा ही वरची भर आहे. रोज घोड्याने आपल्या वजनाच्या शंभराव्या भागाच्या दुप्पट, म्हणजे शंभर किलोमागे सुमारे दोन किलो सुका चारा खावा. अडीचशे किलोच्या तट्टाला पाच किलो. काहीही झाले तरी चारा पावणेचार किलोच्या खाली जाऊ देऊ नये. डोंगरी गवत, मारवेल, पवन्या, जमल्यास थोडा लसूणघास. अंग धरत नसलेल्या घोड्यापुढे आधी चांगले गवत वाढवा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते.

आता ओटाकडे वळू. आधी नावाचा घोळ मिटवू. जव म्हणजे सातू. जवस म्हणजे अळशी, तेलबी. आणि हिंदीत ज्याला जई म्हणतात तो आपला ओट. तिन्ही निराळे. ओटाचा दाणा लांबट, निमुळता, आणि अंगावर टरफल घट्ट बसलेले. आपल्याकडे ओट मुख्यतः रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. केंट, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले हरिता असे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी होते. दाणा मात्र बहुधा बाजारातूनच आणावा लागतो.

घोडेवाल्यांना ओट का आवडतो? त्याची कारणे दोन. एक म्हणजे त्याच्या टरफलात चोथा असतो. दाण्यात साधारण दहा-अकरा टक्के चोथा, तेवढीच प्रथिने, आणि पीठ चाळीस-पंचेचाळीस टक्के. मक्यात पीठ याहून बरेच जास्त. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ओटातले पीठ न शिजवताही लहान आतड्यात चांगले पचते. कच्च्या मक्यातले किंवा सातूतले पीठ तसे पचत नाही. त्यातले बरेचसे पुढे कोठीत जाते, आणि तिथेच धोका. म्हणून सगळ्या दाण्यांत ओट हा त्यातल्या त्यात सौम्य. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, हं.

हरभरा आपला पूर्वापार. त्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ओटाच्या जवळजवळ दुप्पट. वाढत्या शिंगराला आणि दूध पाजणाऱ्या घोडीला त्याचा उपयोग होतो. पण दाणा टणक, आणि पाण्यात फुगणारा. म्हणून तो भिजवून किंवा भरडून द्यायची आपली रीत अगदी योग्य आहे.

मग ओट भिजवायचा कशासाठी? इथे एक गैरसमज काढून टाकू. भिजवल्याने ओटातले अन्न वाढत नाही. पाव किलो ओट भिजवला तरी पाव किलो ओटाचेच पोषण मिळते. वाढते ते पाण्याचे वजन. दात धड असलेला जवान घोडा कोरडा, अख्खा ओटही चावून पचवतो. भिजवण्याचा फायदा होतो तो असा. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या घोड्याला टरफल मऊ झाल्याने चावणे सोपे जाते. अधाशीपणे गिळणाऱ्या घोड्याच्या घशात कोरडा दाणा अडकण्याची भीती कमी होते. धूळ बसते, त्यामुळे खोकणाऱ्या घोड्याला बरे पडते. उन्हात राबणाऱ्या घोड्याच्या पोटात थोडे पाणीही जाते. आणि त्यात मीठ, तेल किंवा औषध मिसळणे सोपे होते. हे फायदे काही लहान नाहीत. पण "भिजवला म्हणून घोडा भरला" असे होत नसते.

भिजवण्याची रीत सोपी आहे. दाणा आधी मुठीत घेऊन हुंगा. कुबट वास आला, काळी-हिरवी बुरशी दिसली, तर तो घोड्याला घालू नका. दाणा कोरडाच तागडीत तोलून घ्या. स्वच्छ बादलीत टाकून वर दोन बोटे पाणी येईल इतके पाणी घाला. थंडीत रात्री भिजवून सकाळी द्यावा. उन्हाळ्यात चार-सहा तास पुरेत. आंबूस वास आला तर तो दाणा टाकून द्या. चार पैशांसाठी जीव ठेवू नका. आणि बादली व तोबरा रोज धुवा. तोबऱ्याच्या तळाशी राहिलेला कालचा लगदा आजची चंदी नासवतो.

दाणा कोरडाच तोलायचा, हे मी पुन्हा सांगतो. हरभरा भिजून जवळजवळ दुप्पट जड होतो. त्यामुळे भिजल्यावर तोललेल्या चंदीचा हिशेब कधीच जुळत नाही. दुसरी फसगत डब्याच्या मापाची. लिटरभर डब्यात ओट अर्धा किलोच्या आसपास बसतो, पण हरभरा पाऊण किलो किंवा जास्तच. रोज दोन डबे ओट घालणाऱ्याने ओट संपला म्हणून दोन डबे हरभरा घातला, तर चंदी एका दिवसात दीडपट झाली! माप तेच, डबा तोच, आणि घोडा मात्र आजारी. तेव्हा डब्यावर भरवसा नको, तागडीवर ठेवा.

आता किती द्यायचा? अडीचशे किलोचे, काम करणारे, थोडे रोडावलेले तट्टू धरून चालू. पहिले चार दिवस दिवसाला पाव किलो ओट, दोन वेळांत विभागून. मग दर चार दिवसांनी पाव किलो वाढवा. म्हणजे एकविसाव्या दिवशी आपण दीड किलोवर येऊ. तो तीन वेळांत, अर्धा-अर्धा किलो. एका वेळी अर्ध्या-पाऊण किलोच्या वर जाऊ नका. चंदीच्या आधी थोडे गवत पडले असेल तर उत्तम; घोडा कमी अधाशी होतो. पाणी दिवसभर पुढे असावे. ते जमत नसेल तर आधी पाणी, मग चंदी. दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास साधे मीठ. आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्मी. कामाच्या दिवसाची पूर्ण चंदी खाऊन घोडा नुसता बांधून राहिला आणि दुसऱ्या दिवशी एकदम जुंपला, तर पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे ताठ होतात आणि लघवी कॉफीसारखी काळपट येते. घोडा का अडला, तर फिरवला नाही म्हणून, हे आपण लहानपणी कोड्यात ऐकले आहेच. बांधून ठेवलेल्या घोड्यावर चरबी येईल, बळ येणार नाही. रोज थोडे चालवा, खरारा करा.

दाणा आणखी वाढवण्याऐवजी पन्नास मिलिलिटरपासून सुरुवात करून हळूहळू थोडे खाद्यतेल दिले तरी चालते. तेलात पीठ नसते, म्हणून कोठीला धोका कमी. ओट आणि गव्हाचा कोंडा यांत चुना कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. नुसत्या कोंड्यावर आणि दाण्यावर महिनोनमहिने ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतला चुना ओढला जातो, जबडा व चेहरा फुगतो. लसूणघासात चुना भरपूर असतो. तो थोडा रोज मिळाला तर ही तूट भरून निघते.

पण थांबा. चंदी वाढवण्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : घोडा रोडावला का? कारण सापडले नाही तर चंदी भोके पडलेल्या घड्यात पाणी ओतल्यासारखी वाया जाते. तोंडात बघा. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल-जीभ कापत असेल, तर घोडा गवताचा अर्धवट चावलेला बोळा तोंडातून टाकतो. असे बोळे दिसले तर डॉक्टरांकडून दाढा कानशीने घासून घ्या. हे वर्षातून एकदा तपासावे. लीद बघा. तीत दाणे दिसले तर चिमटीत दाबून पाहा. नुसते रिकामे टरफल असेल तर हरकत नाही, आत पीठ भरलेले असेल तर चावण्यात किंवा पचण्यात खोट आहे. लिदीची तपासणी करून जंताचे औषध घ्या. पाठीवर जखम असेल, खोगीर घासत असेल, ताप येत असेल, तर आधी त्याचा इलाज.

आणि जो घोडा खरोखर उपाशी राहून हाडांचा सापळा झाला आहे, त्याला पहिल्या दिवसांत दाणा घालूच नका. दया येते, हात सैल सुटतो, आणि तिथेच घात होतो. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पीठ गेले की रक्तातले क्षार झपाट्याने घटतात, आणि हृदय बंद पडू शकते. अशा घोड्याला सुका लसूणघास थोडा-थोडा, अडीचशे किलोच्या अंगाला दर चार तासांनी पाव किलो, आणि पाणी. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचे. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

आणखी चार गोष्टी घोड्याच्या तोंडाजवळ येऊ देऊ नका. कोंबड्यांचे खाद्य : त्यात काही वेळा मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, पण घोड्याच्या हृदयाला ते थोडेसेही घातक ठरते. बुरशी आलेला मका : त्याने घोड्याचा मेंदू सडतो. एरंडाची बी. आणि कोवळी, पाण्याविना सुकलेली ज्वारी.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट. गावात घोडा असेल तर सातवी-आठवीच्या मुलांना त्याचे वजन काढायला लावा. तागडी नको, शिंप्याची फीत पुरे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग करा, लांबीने गुणा, आणि ११,८८० ने भागा. येईल ते वजन, किलोत. समजा घेर १५०, लांबी १३५. दीडशेचा वर्ग २२,५००. त्याला १३५ ने गुणून ३०,३७,५००. भागाकार सुमारे २५६ किलो. दीड-दोन महिन्यांनी घेर १५४ झाला, तर उत्तर येईल सुमारे २७० किलो. म्हणजे चार सेंटिमीटर घेरात चौदा किलो घोडा वाढला! वर्गाचे गणित मुलांना असे कळले की ते विसरत नाहीत. मात्र मोजताना घोड्याचा धनी जवळ असावा, आणि मुले घोड्याच्या मागे उभी राहू नयेत.

फितीबरोबर हातानेही पाहावे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या हेनेके नावाच्या संशोधकाने घोड्याच्या अंगाला एक ते नऊ अशी श्रेणी लावली. मान, वशिंडाजवळचा भाग, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीची मुळी या सहा जागा चाचपून ती ठरवतात. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे चरबीचा गोळा. आपल्याला हवा पाचाच्या आसपास : बरगडी डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला सहज लागते. दर पंधरवड्याला वहीत तारीख, घेर आणि हाताचा अंदाज लिहून ठेवा. अंग भरायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी निराश होऊन चंदी वाढवू नका.

घोड्याच्या दाणावैरणीचा हिशेब ठेवणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. १६७४ च्या सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना एक पत्र धाडले. साठवलेला दाणा-गवत बेजबाबदारीने उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल, अशी ताकीद त्यात आहे. ज्या राज्याची मदार घोड्याच्या पाठीवर होती, त्या राज्याचा धनी तागडीचा विचार करत होता.

आज रस्त्यावर टांगे फारसे उरले नाहीत. पण माथेरानच्या लाल मातीवर, लग्नाच्या वरातीत, बैलगाड्यांच्या शर्यतीत आणि धनगरांच्या वाटांवर घोडा अजून माणसाचे पोट भरतो आहे. त्याचे पोट आपण डोळसपणे भरावे, एवढेच.

बाबांना त्या दिवशी सांगायचे राहिलेले वाक्य मी आज तुम्हां सर्वांना सांगतो. चंदी भिजवा जरूर. पण आधी कारण शोधा, मग गवत वाढवा, मग दाणा तोला, आणि चार-चार दिवसांनी मुठीमुठीने चढवा. घोडा घाई करत नाही. आपणही करू नये.

रामराम.